संशयिताची जात

या महिन्याच्या टपालात रहस्यकथांतील संशयित आणि त्यांच्या जातीजमाती यांविषयीची चार पत्रे अशी निघाली, की एकाचे उत्तर लिहायला बसावे तर दुसऱ्याचा विषय आपोआप मध्ये येत होता. म्हणून शुद्धलेखनाविषयीची आणि जुन्या अंकांविषयीची पत्रे पुढील महिन्यासाठी बाजूला ठेवली आहेत; त्या वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : सर, मी दारव्हा तालुक्यातील एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची तासिका आम्ही प्रकट वाचनासाठी राखून ठेवली आहे. यंदा नववीच्या मुलांनी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक रहस्यकादंबरी आपणहून निवडली. गावातील मुले एकामागून एक नाहीशी होतात, चार शाळकरी मित्र शोध घेतात आणि अखेरीस गावाबाहेर पाल ठोकून राहिलेला एक पारधी गुन्हेगार म्हणून सापडतो, अशी ती गोष्ट आहे. माझ्या वर्गात जवळच्या बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी आहे. तिची वाचनाची पाळी आली तेव्हा ‘पारधी’ हा शब्द जेथे जेथे होता, तेथे तेथे तो गाळून ती पुढे वाचत गेली. मागच्या बाकावरची दोन मुले हसली. पुढच्या दोन्ही शनिवारी ती शाळेत आली नाही. इतर दिवशी येते. हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाकावे काय? सहकारी म्हणतात की गोष्ट ती गोष्ट, एवढे मनावर घेण्याचे कारण नाही.

उत्तर : बाई, आपण पत्रासोबत पुस्तकाची प्रत पाठवली हे बरे केले. मी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन, आपल्या विद्यार्थिनीने जे केले तेच करून पाहिले. ‘पारधी’ हा शब्द गाळला की त्या माणसाविषयी काय उरते, ते समासात लिहीत गेलो. तो तिसऱ्या प्रकरणात येतो : काळा, तांबारलेल्या डोळ्यांचा, कमरेला सुरा, खांद्यावर शिकारीचे फासे. अकराव्या प्रकरणापर्यंत त्याला नाव नाही. गावच्या डॉक्टरांना नाव आहे, जुने कर्ज आहे, सरपंचाशी वैर आहे. सावकाराच्या मुलाला पत्त्यांचा नाद आहे आणि त्याच्या पायात कोणत्या मापाचा बूट आहे हेही लेखकाने सांगून ठेवले आहे. या एकाच माणसाला घर नाही, देणे नाही, कोणाशी भांडण नाही, बायकामुले आहेत की नाहीत तेही कळत नाही. त्याने मुले का पळवली, या एका प्रश्नासाठी वाचक दीडशे पाने थांबलेला असतो. त्याला मिळणारे उत्तर म्हणजे, त्या लोकांचा तो पिढीजात धंदाच असतो, अशा आशयाचे एक वाक्य. माझा समास जवळजवळ कोराच राहिला.

रहस्यकथेच्या हिशेबाने ही लबाडी आहे, आणि मला वाटते आपल्या सहकाऱ्यांशी बोलताना मुद्दा येथूनच मांडावा, कारण ‘एवढे मनावर घेऊ नका’ हे उत्तर येथे चालत नाही. या कथाप्रकाराचा जुना शिरस्ता असा, की उलगडा होण्याआधी सगळे दुवे वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेले असले पाहिजेत, आणि गुन्हेगार जो निघेल त्याच्यापाशी हेतू, संधी व साधन ही तिन्ही असली पाहिजेत. या कादंबरीत हेतू लेखकाने रचलेलाच नाही. तो वाचकाच्या घरात, आजीच्या बोलण्यात, आठवडी बाजारातल्या कुजबुजीत आधीपासून पडलेला होता. लेखकाने तो तेथून उसना उचलला. भांडवल वाचकाच्या पूर्वग्रहाचे आणि उलगड्याचे श्रेय मात्र लेखकाचे, असा हा व्यवहार आहे. आपल्या विद्यार्थिनीने तो शब्द गाळला तेव्हा खरे तर तिने लेखकाचे उसने परत मागितले.

कुमारवयीनांच्या रहस्यकथेत हे अधिक जपावे लागते, याला कारण आहे. इतर कादंबरीत एखादे पात्र येते आणि जाते, वाचक त्याच्याकडे फारसे लक्ष न देता पुढे जाऊ शकतो. रहस्यकथा मात्र वाचकाला संशय घ्यायला शिकवते. कोणाचे हात थरथरले, कोण उशिरा आले, कोणाच्या पायाला चिखल होता, हे पाहण्याची सवय लावते आणि शेवटी ‘तुझे बरोबर होते’ किंवा ‘तू फसलास’ असा निकालही देते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो, कारण मोठ्यांना न दिसलेले आपल्याला दिसले याचा आनंद त्या वयात मोठा असतो. त्या खेळात पालाकडे बोट दाखवणाऱ्याला शाबासकी मिळाली, की ती खूण त्याच्या मनात पुस्तकापुरती राहत नाही. मुंबईच्या मुलाला पारधी बहुधा पुस्तकातच भेटेल. आपल्या वर्गातल्या मुलाला तो शाळेच्या फाटकापासून एक किलोमीटरवर भेटतो.

तरीही पुस्तक काढू नये असेच मी म्हणेन. ते काढले तर गावातली ती समजूत आहे तेथेच राहील आणि ‘हिच्यामुळे आमचे पुस्तक गेले’ एवढी एक तक्रार मुलीच्या खात्यावर जमा होईल. त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी वाचन थांबवून मुलांना फळ्यावर प्रत्येक संशयिताविरुद्धचा पुरावा लिहायला सांगावा. दिसणे, कपडे, वस्ती आणि जात पुराव्यात धरायची नाही, एवढीच अट घालावी. डॉक्टरांच्या नावाखाली चार ओळी होतील, सावकाराच्या मुलाच्या नावाखाली पाच. तिसऱ्या रकान्यात काही येणार नाही आणि तो रकाना मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की आपल्याला भाषण करावे लागणार नाही. पुढचे काम शेवट बदलून लिहिण्याचे. माझा अंदाज आहे की नववीचा वर्ग लेखकापेक्षा बरा गुन्हेगार शोधून काढील.

मात्र एक करू नये. त्या मुलीला उभे करून ‘तुमच्याकडे खरेच असे असते काय’ हे विचारू नये, अगदी चांगल्या हेतूनेही नाही. वर्गात तिने विद्यार्थिनी म्हणून बसावे, समाजाची साक्षीदार म्हणून नव्हे. तिला आणायला बेड्यावर आपण स्वतः जावे, सोबत शिपाई किंवा पोलीस पाटील नको. दहावीच्या पुढच्या मुलांसाठी आणि त्याआधी आपल्या स्वतःसाठी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे १९८७ चे आत्मकथन ग्रंथालयात ठेवता आले तर पाहावे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. ज्याच्या जमातीच्या नावाचाच अर्थ चोर असा लावला गेला, त्याने स्वतः सांगितलेली हकीकत एकदा वाचली, की आपल्या मुलांच्या कादंबरीतला तो बिननावाचा माणूस किती पोकळ आहे, हे सांगण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ७४, शेती कारंजा तालुक्यात. आपल्या गेल्या अंकातील परीक्षणात मुलांच्या थरारकथांतील ‘साचेबद्ध खलनायकां’वर टीका होती. आम्ही जन्मभर रहस्यकथा वाचल्या, त्यांत असेच खलनायक असत, आमचे काही बिघडले नाही. शिवाय वस्तुस्थितीचे काय? खळ्यावरच्या चोऱ्या आम्ही पाहिल्या आहेत आणि शिकारीच्या प्रकरणांत कोणत्या वस्तीची नावे येतात तेही वर्तमानपत्रात छापून येते. लेखकाने खरे लिहू नये, असे आपले म्हणणे आहे काय?

उत्तर : काकाजी, आपण पहिला मुद्दा मोकळेपणाने मांडलात, म्हणून मीही मोकळेपणाने उत्तर देतो. आपले काही बिघडले नाही हे खरे आहे, कारण त्या गोष्टींत आपण आणि मी नेहमी शोध घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. ज्यांच्यावर शोध घेतला जात होता, त्यांच्या घरी ती पुस्तके तेव्हा पोहोचत नव्हती. आता त्यांची मुले आपल्या नातवंडांच्या शेजारी बाकावर बसून तीच पुस्तके वाचत आहेत. फरक पडला आहे तो एवढाच.

वस्तुस्थितीचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहिला पाहिजे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या गावाजवळ बेडा उतरला, की घरातली मोठी माणसे एकमेकांना सांगत, ‘आज खळ्यावर निजा.’ एका वर्षी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली. संशय कोणावर घ्यायचा याचा विचार कोणी केला नाही, कारण तो आधीच झालेला होता. बेड्यावरची दोन माणसे नेली, तीन दिवसांनी सोडली. परत आली तेव्हा एकाला नीट चालता येत नव्हते. दीड महिन्याने ती केबल आमच्याच भावकीतल्या एकाच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगाखाली सापडली. गोष्ट घरातल्या घरात मिटली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत नंतर शिकलो. आमच्या घरातून कोणी बेड्यावर जाऊन ‘आमची चूक झाली’ असे सांगितले नाही, एवढे मला आठवते, आणि त्यात मीही आलो. आपण ‘पाहिलेल्या’ चोऱ्यांपैकी किती चोरांना आपण पाहिले आणि किती जणांवर नुसती नावे लागली, हे आपणच एकदा आठवून पाहावे, ही विनंती.

आता ते नाव कोठून लागले ते पाहू. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जसे सुतारकाम बापाकडून मुलाकडे जाते तसा गुन्हाही जातो, ही त्यामागची समजूत होती. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिला न्यायालयात दाद मागता येत नसे. जमातीच्या लोकांनी नावे नोंदवायची, ठरलेल्या ठिकाणी हजेरी द्यायची, हद्दीबाहेर जायचे तर परवाना घ्यायचा, आणि सरकारच्या मनात आले तर अख्खी कुटुंबे तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत नेऊन ठेवायची. हा कायदा सुरुवातीला उत्तरेकडे होता. १९११ च्या कायद्याने त्याचा पल्ला वाढला. म्हणजे त्या यादीतल्या माणसाने काही केले आहे काय, हा प्रश्नच कायद्याने काढून टाकला होता. तो कोण आहे एवढे पुरे होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. परंतु त्याच्या जागी राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आणले. विदर्भ त्या वेळी ज्या मुंबई राज्यात होता त्या राज्याने १९५९ मध्ये आणला. वहीवरचे शीर्षक बदलले, तरी कोणाकडे आधी पाहायचे ही ठाण्यातली सवय बदलली नाही. ही जुनी कथा आहे असेही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाविरुद्ध निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये हेही पोलिसांना सांगावे लागले.

शिकारीविषयी. फासेपारध्यांचे नावच फाशावरून पडले. तितर, लाव, ससा धरणे हा त्यांचा उघड व्यवसाय होता, आणि आपल्या-माझ्या वाडवडिलांनी त्यांच्याकडून ते तितर विकत घेऊन खाल्ले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यवसाय गुन्हा झाला. कायदा आवश्यक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्या हातातले काम एका कलमाने गेले त्याला त्या बदल्यात जमीन मिळाली काय, हे कोणी विचारले नाही. वाघाच्या शिकारीत या समाजातील काही माणसे पकडली गेली आणि त्यांना शिक्षाही झाल्या, हे मी नाकारणार नाही. पण सापळा लावणारा हा त्या साखळीतला सर्वांत गरीब दुवा असतो. कातडे गावाबाहेर कोणी नेले, गाडी कोणाची, पैसे कोणी पुरवले, सीमेपलीकडे घेणारा कोण, या प्रश्नांच्या मागे गेले तर लेखकाला एक नव्हे, तीन कादंबऱ्या मिळतील. आपण खरे लिहिण्याची मागणी केली आहे. माझीही तीच आहे. साच्यातला खलनायक लिहिणाऱ्याने खरे लिहिलेले नसते, त्याने पहिल्या दुव्यावरच थांबून घरचा रस्ता धरलेला असतो.

थरारच हवा असेल तर १९३० च्या सुमाराचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा : बायको दुसऱ्या गावी बाळंतपणात अडलेली, रात्रीची हजेरी चुकली तर तुरुंग, परवाना देणारा पाटील बाजाराला गेलेला. याहून ताणलेली रात्र कोणत्या रहस्यकथेत आहे?

प्रश्न : मी दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची, यवतमाळला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थरारकथांत आमच्या समाजाची मुलगी आली की ती आरसेभिंगांचा घागरा घालून नाचते, नायकाला चोरांची बातमी देते आणि बहुतेक वेळा मरते. ती वाईट नसते, उलट शूर असते. मग तक्रार करणे चूक आहे काय?

उत्तर : चूक नाही. कौतुकाचा साचा असला तरी तो साचाच असतो, आणि त्यातून माणूस तितकाच गुदमरतो. आपल्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख पालथा घातला, त्या लदेणीच्या वाटांवर लुटारू, जकातदार आणि दुष्काळ यांच्या इतक्या गोष्टी आहेत की लेखकाला घागऱ्याकडे पाहायला सवड मिळू नये. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि पुढे सुधाकरराव नाईकही झाले. एका समाजाने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, तरी कादंबरीकाराला त्यातली तलाठी, परिचारिका किंवा वकील दिसू नये, हे त्याच्या नजरेविषयी सांगणारे आहे. आपण स्वतः लिहिता काय? पत्रावरून तसे वाटले.

प्रश्न : नमस्कार सर. मी आरमोरी तालुक्यात राहतो, अकरावीत आहे. दिवाळी अंकाच्या स्पर्धेसाठी रहस्यकथा लिहीत आहे. भामरागडच्या जंगलात सहलीला गेलेले चार मित्र (रोहन, पंकज, सायली, अर्णव) आणि त्यांचा कुत्रा मोत्या यांना कळते की गुप्तधनासाठी नरबळी दिला जाणार आहे. देणारा एक माडिया आदिवासी पुजारी आहे. माझी मैत्रीण म्हणाली, हे बरोबर नाही. मग मी पात्रांच्या जाती, आडनावे, गावे सगळे काढून टाकू का? की आदिवासी पात्रे सगळी चांगलीच दाखवू?

उत्तर : मित्रा, दोन्ही नको. तुझ्या मैत्रिणीने बरोबर जागी बोट ठेवले, पण तू सुचवलेले दोन्ही उपाय तुझ्याआधी मोठ्या लोकांनी करून पाहिलेले आहेत, आणि ते कसे फसले हे तुला सांगण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी स्वस्त थरारकथांत चिनी खलनायकाची लाट होती. सॅक्स रोमर या लेखकाचा फू मांचू हा त्यांतला सर्वांत गाजलेला; त्याचे पहिले पुस्तक १९१३ चे. गूढ, क्रूर, जगावर राज्य करू पाहणारा पूर्वेकडचा माणूस, आणि त्याला हेतू विचारायचा नाही, कारण चिनी असणे हाच त्याचा हेतू. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मोपदेशकाने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, या कथाप्रकाराचे दहा नियम लिहिले, आणि त्यांतला पाचवा नियम असा, की कथेत चिनी माणूस येता कामा नये. साच्याला कंटाळून त्याने तो केला असे मानले जाते, आणि त्यात थट्टाही होती. पण परिणाम पाहा : साचा खोटा आहे हे ओळखल्यावर त्याने साचा मोडण्याऐवजी माणसालाच दाराबाहेर ठेवले.

अमेरिकेत मुलांसाठीच्या दोन अतिशय खपाच्या मालिका होत्या. हार्डी बंधूंची १९२७ मध्ये सुरू झाली आणि नॅन्सी ड्रू या मुलीची १९३० मध्ये. त्यांत काळ्या लोकांची, परदेशी लोकांची चित्रणे आज वाचवणार नाहीत अशी होती. १९५९ पासून प्रकाशकांनी ती पुस्तके नव्याने लिहून घेतली. अपमानकारक भाग गेला, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर ती पात्रेही बहुतांशी गेली, आणि उरले ते असे गाव, ज्यात जवळजवळ सगळे एकाच रंगाचे. तू आडनावे आणि गावे काढून टाकलीस तर तुझे भामरागडही तसेच होईल. ते कोठलेही जंगल असेल, आणि कोठल्याही जंगलात कोणी घाबरत नाही.

सगळे आदिवासी चांगले दाखवण्याविषयी. असा चांगला माणूस आपल्या कथांत आधीच आहे आणि तो मला खलनायकाहून अधिक खटकतो. पावलांचे ठसे वाचणारा, कमी बोलणारा, नायकांवर जीव टाकणारा वाटाड्या; शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो नायकासाठी गोळी किंवा वाघाचा पंजा झेलतो आणि शेवटच्या प्रकरणात चार मित्र एसटीत बसून घरी जातात. त्याच्या घरी कोण आहे, हे त्याच्या मरणानंतरही आपल्याला कळत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांना तू रात्र-रात्र बसत असशीलच. तेथे खलनायकालासुद्धा आई असते, प्रसंग असतो, एखादे गाणेही मिळते. आपल्या वडसा-आरमोरीकडच्या मंचाला जे कळते ते छापील कादंबरीला कळू नये, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता तुझ्या पुजाऱ्याकडे येऊ. माडिया गावात गावाची पूजाअर्चा पाहणारा पेरमा असतो, आणि आजारपणात लोक ज्याच्याकडे जातात त्याला त्या भागात पुजारी म्हणतात. ही दोन निराळी माणसे आहेत आणि तुझ्या कथेत ती एक झालेली आहेत. नरबळीचे म्हणशील तर महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, त्यात कोणत्याही जातीजमातीचे नाव नाही. कारण गुप्तधनाच्या मागे लागणारे लोक शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, शिकलेलेही आहेत. तुझ्या कथेत गुप्तधन हवे कोणाला आहे? पुजारी त्या पैशाचे काय करणार आहे? हे तुला सांगता आले नाही, तर तुझा खलनायक तो नाही. ज्याला पैशाची गरज आहे असा दुसरा कोणी तरी तुझ्या जंगलात आहे आणि तू त्याला अजून पाहिलेले नाहीस.

त्याला शोधायला जागा पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुड्यांची मोजणी होते, तेथे दर शेकड्यामागे कोण किती पुडे खराब म्हणून काढतो ते पाहा. रेतीघाटावरून रात्री ट्रॅक्टर निघतात, ते पाहा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आपलाच बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यावरून गावाला २०११ पर्यंत झगडावे लागले. बांबूच्या एका ट्रकाभोवती कोणाकोणाचे हितसंबंध असतात ते त्यात दिसते. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, कधी फोनही लागत नाही. चार मुले, एक गुन्हा, पुलावरून वाहणारे पाणी आणि गावातला कोणी तरी खोटे बोलतो आहे : इतर लेखकांना असा बंद दरवाजा कल्पनेने बांधावा लागतो, तुला तो नदी बांधून देते.

गुन्हेगार माडिया निघाला तरी हरकत नाही, फक्त तो कथेतला एकटा माडिया नसावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका माडिया असू दे, ग्रामसभेत भांडणारी म्हातारी असू दे, मोबाइलचे रिचार्ज विकणारा चिडका पोऱ्या असू दे. मग वाचकाला पानोपानी ‘तो माडिया’ म्हणून चालणार नाही. त्याला नावानेच संशय घ्यावा लागेल. त्यांच्या तोंडी मोडके मराठी घालू नकोस. माडिया ही गोंडीच्या कुळातली, द्राविडी भाषा आहे, आणि ती बोलणारा माणूस आपल्या भाषेत अडखळत नाही. अडखळतात तुझे चार मित्र. एकदा तरी असा प्रसंग लिही, की सगळे गाव बोलते आहे आणि रोहनला एक अक्षर कळत नाही, आणि नेमका त्या बोलण्यातच दुवा आहे. सायलीने तो तोडक्या शब्दांत विचारून घेतला तर तुझ्या कथेचे निम्मे काम झाले. भाषेसाठी तिकडच्या एखाद्या वर्गमित्राला जवळ बसवून घे आणि त्याचे नाव कथेखाली आभारात छाप.

कच्चा खर्डा पाठव, मी वाचीन. पत्रात तू चारही मित्रांची नावे लिहिली आहेस, कुत्र्याचेही लिहिले आहेस. पुजाऱ्याचे नाव मात्र मला कोठे सापडले नाही. खर्डा पाठवशील तेव्हा तेवढे कळव.